हलला कोण?

लांब लेन्स घरात आली त्या दिवशी बायकोने ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "दोन किलो. हप्ता कितीचा?" वजन बिनचूक होते. हप्त्याचा आकडा तिला अजून सांगितलेला नाही.

खडकीत सहाशे मिलिमीटरची लेन्स गळ्यात घालून हिंडणे म्हणजे नसती आफत. इकडे दारूगोळा कारखाना, तिकडे बॉम्बे सॅपर्स, आणि मधल्या भिंतींवर 'छायाचित्रणास मनाई'. म्हणून मी तोंड कायम मुळेकडे ठेवतो. नदीची हरकत नसते. तिथे जलपर्णीवर वंचक असतात, गाळात शराटी असतात, नशीब जोरावर असेल तर खंड्या.

होळकर पुलाजवळ टिपलेला पहिला खंड्या मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "धुकं काय सुंदर आलंय!" असा एक अभिप्राय आला. दुसऱ्याने विचारले, "ती निळी पिशवी कुठं अडकलीय?"

दोष अर्थातच लेन्सचा. तसे मी शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांना सांगितलेही. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिले. "लेन्स नाही, तू हललास."

हिशेब साधा होता. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला लेन्सच्या मिलिमीटरइतका तरी शटरचा वेग लागतो. माझ्यासारख्या लहान सेन्सरवाल्यांना त्याच्या दीडपट. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मी दोनशेवर होतो. थरथर आवरायची सोय लेन्समध्ये आहे म्हणून निर्धास्त होतो; पण ती माझी थरथर आवरते, खंड्याची नाही. त्यात दहा मीटरवर जेमतेम सात सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते. खंड्या अख्खा वीतभर. तो माझ्याकडे तोंड करून बसला तर डोळा तरी पकडायचा, शेपटीवर पाणी सोडायचे.

काकांनी जन्मभर पोरांना रायफल शिकवली. माझी शिकवणी गच्चीवर सुरू झाली. "कोपर बरगडीला लाव. श्वास अर्धा सोड. थांब. आता दाब... अरे, ओढतोस काय? दाब!" टाकीवरच्या एका कबुतराचे मी चारशे फोटो काढले. शेवटी तेच कंटाळून उडाले.

लेन्स टेकवायला उशी हवी होती. जुन्या जीन्सचा एक पाय कापला, आत राजमा भरला आणि दोन्ही तोंडे शिवली. राजमा घरातलाच. रविवारी तो शोधला जाईल, हे माझ्या लक्षात आले नाही.

मग एका पहाटे ती उशी घेऊन काठावर उतरलो आणि घोट्यापर्यंत रुतलो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांचे घोडदळ दलदलीत अडखळले, हे शाळेत वाचले होते. त्यांच्याकडे निदान घोडे होते. मला मात्र त्या चिखलाने पहिल्यांदाच स्थिर धरले. समोर वंचक, तोही तसाच रुतल्यासारखा. कोपर बरगडीला, श्वास अर्धा, आणि दाबले.

काकांनी फोटो मोठा करत नेला. पिवळा डोळा, मानेवरची रेघन् रेघ. वंचकाच्या पायाशी दुधाची रिकामी पिशवी होती. चष्मा कपाळावर चढवून ते तीच न्याहाळू लागले.

"तारीख वाचता येते," ते म्हणाले. "पास."

आतून बायकोने विचारले, "राजमा कुणी पाहिलाय का?"

मी श्वास अर्धा सोडला आणि तसाच थांबलो.