लेखनिक पाहिजे

आमच्या चिरंजिवांच्या अक्षराला आजवर 'कोंबडीचे पाय' पासून 'हा काय मोडीत लिहितो का?' इथपर्यंत सगळे शेरे मिळालेत. यातला दुसरा मोडीवर अन्याय करणारा आहे. मोडी भरभर लिहिण्यासाठी होती. आमचा मुलगा फळ्यावरची पहिली ओळ उतरवतो, तोवर फळा पुसलेला असतो.

तोंडी विचारा, पानिपतच्या पराभवाची सगळी कारणं सांगेल, वर दोन स्वतःची. लिहायला सांगा, की 'पा'चा काना समासात, 'नि'ची वेलांटी शेजारच्या शब्दावर आणि शिरोरेघ रुसून माहेरी. डॉक्टरांनी याला 'डिस्ग्राफिया' असं नाव दिलं. शाळेकडे आधीपासून एक नाव होतं: आळस. उच्चारायला सोपं, म्हणून तेच चाललं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांतल्या 'विशिष्ट अध्ययन अक्षमते'च्या व्याख्येत डिस्ग्राफिया नावानिशी छापलेला आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं कलम 17मध्ये आहे. मी त्याची प्रत मुख्याध्यापिका बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती वाचली नाही, पण छपाई स्वच्छ आहे म्हणाल्या.

तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा, हे ऐकल्यावर मात्र त्या सावध झाल्या. चष्मा नाकावर नीट बसवत म्हणाल्या, "मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" त्यांच्या चष्म्यामुळे माझ्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दल मी गप्प राहिलो.

"टक्के किती?" लिपिकांनी विचारलं. "चाळीसच्या खाली असेल तर लेखनिक नाही." मी म्हटलं, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या, विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021मध्येच सांगितलंय, की लेखनिकासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही. लिपिक म्हणाले, "ते दिल्लीत."

मग अर्ज. तो विद्यार्थ्याच्या स्वहस्ताक्षरात आणि सुवाच्य हवा, असा शाळेचा नियम निघाला. चिरंजिवांनी दोन संध्याकाळी खपून, घाम पुसत तो लिहिला. 'अक्षर लागत नाही, पुन्हा सादर करावा' असा शेरा येऊन तो परत आला. दुसऱ्या वेळी त्याच्या आईने लिहिला. तिचं अक्षर मोत्यासारखं. यावेळचा शेरा: 'अक्षर उत्तम आहे. सवलतीची गरज दिसत नाही.'

हे दोन्ही शेरे बाईंनी तोंडी सांगितले आणि लिपिकांनी टाइप केले. प्रमाणपत्राचा मजकूर मोठ्या डॉक्टरांनी सांगितला, शिकाऊ डॉक्टरांनी लिहिला. वरच्या कार्यालयाचं उत्तर साहेबांच्या वतीने कुणी भलत्यानेच तयार केलं, साहेबांनी खाली एक सही केली. (ती सही चिरंजिवांनी केली असती तर पाच वेळा गिरवायला लावली असती.) सबंध प्रकरणात स्वतःच्या हाताने कागदभर लिहिण्याची सक्ती झाली ती एकट्यावर, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यावर. बाकी सगळ्यांना पदासोबत लेखनिक मिळालेला आहे आणि कुणाकडे टक्क्यांचा दाखला मागितलेला नाही.

असो. चौथ्या खेपेला सवलत मंजूर झाली. आता लेखनिक आपणच शोधायचा आणि तो दहावीच्या खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे उत्तरं परीक्षार्थीचीच राहतील. नियम योग्यच आहे. व्यासांना तो लागू नव्हता म्हणून महाभारत झालं, एवढंच. चौदा विद्या नि चौसष्ट कलांचा अधिपती लेखनिक म्हणून बसलेला पाहून आमच्या केंद्रसंचालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. शिवाय ओळखपत्रावरचा फोटो जुळला नसता, तो वेगळाच प्रश्न.

तरी वाचकांना विनंती: आपल्या घरात किंवा चाळीत नववीत शिकणारा, कंटाळा न करणारा आणि सांगितलं तेवढंच लिहिणारा मुलगा वा मुलगी असल्यास कृपया कळवावे. अक्षर कसंही चालेल. वाचता आलं म्हणजे झालं.