पाय बघून पसंती

भाची सुट्टीत राहून गेली आणि जाताना एक जाडजूड पुस्तक उशाशी सोडून गेली. विसरली असेल म्हणून फोन केला, तर म्हणाली, “मावशी, मुद्दाम ठेवलंय. वाच तू. रोमँटसी आहे.” रोमान्स आणि फँटसी यांचा हा संकर म्हणे. आमच्या वेळी दोन्हीला मिळून ‘लग्न ठरलंय’ म्हणत.

पुस्तक डॅनिएल एल. जेन्सेन यांचं, 2024 सालचं ‘अ फेट इंक्ड इन ब्लड’. वातावरण व्हायकिंगांचं, देव नॉर्स पुराणांतले. नायिका फ्रेया ही एका नकोशा मच्छीमाराची बायको. तिच्यात ह्लिन या रक्षणदेवतेच्या रक्ताचा थेंब, म्हणून तिच्या ढालीत जादू. हे कळताच स्नोरी नावाचा सरदार भविष्यवाणीच्या लोभानं तिच्याशी लग्न लावतो. पहिली बायको घरात असताना. फ्रेयाचं मन मात्र बसतं ब्यॉर्नवर. ब्यॉर्न उंच, पिळदार, हातात पेटती कुऱ्हाड. असल्या कुऱ्हाडीनं सरपण फोडायचं की पेटवायचं, हा प्रश्न तिला पडत नाही. मला दुसराच पडला. हा ब्यॉर्न सरदाराचा मुलगा, म्हणजे हिचा नात्यानं… मी बोटांवर हिशेब केला. सावत्र मुलगा! पुढची पन्नास पानं मी “अगं बाई!” म्हणत वाचली. पुस्तक काही खाली ठेवलं नाही.

मग सवयीप्रमाणे मूळ पुराण शोधायला बसले, तर तिथंही एक स्नोरी भेटला. हा खरा. स्नोरी स्टुर्लुसन, आइसलंडचा बडा आसामी. 1220 च्या सुमारास त्यानं ‘एड्डा’ लिहिली, म्हणून या देवांची एवढी खबरबात आपल्याला आहे. देवांची भांडणं त्यानं फार जाणतेपणानं लिहिली आहेत, आणि का लिहू नयेत? 1241 मध्ये घरात घुसून त्याला मारणाऱ्यांचा म्होरक्या त्याचाच माजी जावई होता.

या स्नोरीनंच मला स्काडी भेटवली. डोंगरातली राक्षसकन्या. देवांनी बाप मारला म्हणून शस्त्रं घेऊन थेट देवांच्या दारात उभी राहिलेली. देवांनी तडजोड काढली : आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. तिची अट अशी की मला हसवूनही दाखवा. ते काम देवांमधल्या खोडकर लोकीनं केलं. दोरीचं एक टोक त्यानं शेळीच्या दाढीला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या अशा ठिकाणी, की लोकी ओरडला आणि स्काडी हसली. पाय तिनं सर्वांत देखणे निवडले. असे पाय रूपवान बाल्डरचेच असणार! वर बघते तर म्हातारबा न्योर्ड, समुद्राचा देव. सदा पाण्यात असणाऱ्याचे पाय स्वच्छ असायचेच.

इथं मी चष्मा काढून ठेवला. कारण माझं लग्न असंच ठरलं.

पोह्यांची बशी पुढे करून मान खाली घालून बसायचं, अशी आईची ताकीद. मला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मला दिसले ते सतरंजीवरचे दोन पाय. गोरे, नखं कापलेली. म्हटलं, ठीक आहे. वर बघायची वेळ आली तेव्हा साखरपुडा उरकला होता.

पुढचंही तसंच. न्योर्डला समुद्र हवा, स्काडीला डोंगर. नऊ रात्री इथं, नऊ रात्री तिथं असं ठरलं. त्याला लांडग्यांच्या आवाजानं झोप येईना, तिला समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटानं. माझं माहेर पाचगणीचं, सासर वेंगुर्ल्याचं. दिवाळसणाला आमचे हे कोल्हेकुई ऐकत रात्रभर कानटोपी घालून बसले. गणपतीत मी लाटांचा आवाज मोजत पडले. सासूबाई म्हणायच्या, “सवय होता.” चाळीस वर्षं झाली. नाही झाली.

स्काडी शेवटी आपल्या डोंगरात निघून गेली. आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. इथं डोंगर नाही, समुद्र नाही, रात्रभर दुचाक्या. दोघांनाही झोप नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. देवांना पुणं सुचलं नाही, एवढंच.

काल कादंबरी संपत आली होती. ब्यॉर्न कुऱ्हाड पेटवून उभा, फ्रेयाचा श्वास अडकलेला, माझाही. तेवढ्यात हे आंघोळ करून आले. मी मान वर केली नाही. पाय तेवढे दिसले. ओले, टाचांना भेगा पडलेले, मागे फरशीवर पावलांची रांग.

“अहो, पायपुसणं कशाला ठेवलंय?”

ब्यॉर्नला हे अजून कुणी विचारलेलं नाही. लग्न कुठं झालंय त्यांचं!