शंका कशी घ्यावी : पार्लेकरांसाठी मार्गदर्शिका

'शंका' हा शब्द मुळात निरुपद्रवी. सगळा धोका क्रियापदात आहे. शंका नुसती 'आली', तर दोष कुणाचाच नाही. 'विचारली' की आपण विद्यार्थी, 'काढली' की विद्वान आणि 'घेतली' की भांडण. एवढं पाठ असल्याशिवाय पार्ल्यात राहू नये.

शंका काढण्याचा सराव टिळक मंदिरात करावा. ते चालवणारा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे, म्हणजे व्याख्यानांना तोटा नाही आणि शंकेखोरांना तर नाहीच. वक्ता पाण्याच्या ग्लासाकडे वळताच उभं राहावं. "माझी एक छोटीशी शंका आहे" अशी सुरुवात करावी. 'छोटीशी' अनिवार्य. मग स्वतःचं व्याख्यान उरकावं. जमल्यास शेवटी प्रश्नचिन्ह द्यावं. उत्तर कितीही पटलं तरी "पटलं" म्हणू नये. "असो" म्हणून बसावं.

'संशय' मात्र जपून वापरावा. तो पोलिसांचा, कोर्टाचा आणि 'संशयकल्लोळ' नाटकातल्या फाल्गुनरावांचा शब्द आहे. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेकडे दिसली आणि देवलांना एक अख्खं नाटक मिळालं. हे कथानक मोलिएरकडून मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे आलं. पण मराठी घरात शिरल्यावर संशयाला कुठे परकं वाटलं नाही. (तसबिरीच्या जागी आता मोबाइल आला, एवढंच.)

'पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार सोसायटीच्या सभेत टाळावा. हिशेबाबद्दल साशंक होऊन तुम्ही "कुठेतरी पाणी मुरतंय" म्हणाल, सेक्रेटरी इतिवृत्तात 'गळतीची तक्रार' लिहितील आणि सोमवारी तुमच्या दारात प्लंबर उभा राहील. त्याचं बिलही पुढच्या हिशेबात येईल. 'लघुशंका' हा विषय वेगळा. महापालिकेने निरसनाची सोय केलेली तेवढी एकच शंका.

पुनर्विकासाची बैठक असेल तर मात्र वरचं सगळं विसरावं. विमानतळ शेजारी असल्यामुळे इथल्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, आणि बिल्डरच्या चकचकीत चित्रातले मजले ते मानतीलच असं नाही. तिथे भिडस्तपणे "जरा शंका वाटते" म्हणू नका. विमानतळ प्राधिकरणाचं उंचीबाबतचं ना-हरकत पत्र मागा, स्वतः वाचा आणि मगच सही करा.