पसंतीचे तीनशे रकाने

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जो ऑप्शन फॉर्म भरावा लागतो, त्यात ३०० पर्यंत पसंती देता येतात. हा आकडा ज्याने ठरवला त्याच्या मनाच्या मोठेपणाचं मला राहून राहून कौतुक वाटतं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही वळणावर आपल्याला कुणी इतकं विचारत नाही. पाच-सहा स्थळं नाकारली की लग्न जुळवणारा कंटाळतो, तीन फ्लॅट पाहून झाले की एजंट फोन उचलत नाही. आणि इथे सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला साक्षात शासन सांगतं, की बाळ, तुझ्या आवडीच्या तीनशे जागा लिही, सावकाश लिही. नुसत्या लिहायच्या नाहीत, क्रमाने लिहायच्या. म्हणजे एकशे त्रेचाळिसावी आवड एकशे चव्वेचाळिसावीपेक्षा कणभर अधिक का, याचाही निवाडा करायचा. एवढं बारीक तारतम्य ज्याच्यापाशी आहे, त्याला पुढे शिकायची गरज तरी काय असावी, असा प्रश्न मला पडतो. पण फॉर्मात प्रश्न विचारायला रकाना नाही.

आमच्या शिरगावात हा फॉर्म जुलैच्या पावसाबरोबर येतो. पालघर स्टेशनवरून समुद्राच्या बाजूला निघालेली रिक्षा गावात शिरते तेव्हा सगळीकडे ओल्या मातीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा मिश्र वास असतो, वीज मनात येईल तेव्हा जाते, आणि घराघरात बारावी झालेलं एखादं मूल मोबाइल उंच धरून रेंज शोधत हिंडत असतं. या खेपेला आमच्या घरी ते मूल म्हणजे माझी पुतणी. सीईटीत तिला मिळालेलं पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत काढलेलं होतं. सोनं तोलणाऱ्या सराफालाही इतकी बारकाई साधत नाही. त्या सात आकड्यांकडे पाहून घरातल्या प्रत्येकाला वाटलं, की आता आपल्या मताला काही जागा उरलेली नाही. आणि तसं वाटताक्षणी प्रत्येकाने आपलं मत सांगायला सुरुवात केली.

पहिली अडचण नावांची झाली. प्रवेशाच्या त्या जगात कॉलेजांना नावं नसतात, आकडे असतात. ३०१२ म्हणजे माटुंग्याचं व्हीजेटीआय, ६००६ म्हणजे पुण्याचं सीओईपी. एक १८८७ सालचं. दुसरं १८५४चं, मुंबई विद्यापीठाहून तीन वर्षांनी वडील. एवढ्या वयोवृद्ध संस्थांना नुसत्या आकड्याने हाक मारताना सुरुवातीला जीभ अडखळते. मग सवय होते. पुतणी एका संध्याकाळी म्हणाली, "३०१२ काही मिळत नाही आपल्याला," तेव्हा आई देवापाशी वात सारत होती. तिने मान न वळवता विचारलं, "का, पालघरला थांबत नाही?"

आईचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या अण्णांच्या लेखी कॉलेज म्हणजे स्टेशन आणि त्यापुढे थोडं चालणं, एवढंच असतं. त्यांचं नोकरीतलं सगळं आयुष्य पालघर ते मुंबई या नव्वदेक किलोमीटरांवर गेलं. कधी शटलने, कधी सुरतेहून येणाऱ्या फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यातून. ते दुमजली डबे २०२३ साली काढले, तेव्हा अण्णा दिवसभर गप्प होते. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती १६ एप्रिल २०१३ला. त्याआधी विरार हे लोकलच्या जगाचं टोक होतं आणि आम्ही त्या टोकापलीकडचे. केळवे रोड, सफाळे, वैतरणा ही आमची आकाशगंगा. अण्णांनी पुतणीची वही ओढून घेतली आणि कॉलेजांची नावं खोडून त्यांपुढे स्टेशनं लिहिली. मग क्रम लागायला कितीसा वेळ? वसईची विद्यावर्धिनी चांगली, पण परतताना विरारवाल्यांच्या गर्दीत डब्यात शिरायचं कसं, हे तिथे कुठल्याच वर्षाला शिकवत नाहीत. पालघरचं सेंट जॉन उत्तम, कारण गाडीच नाही. बोईसरचं थीम त्याहून थोडं कमी उत्तम, कारण मध्ये उमरोळी आहे. शाखा कुठली, हा प्रश्न अण्णांनी घेतलाच नाही. त्यांच्या मते मेकॅनिकल काय नि कॉम्प्युटर काय, लेडीज डब्यात चौथी सीट सारखीच अरुंद.

वहिनीचं म्हणणं याहून सोपं होतं. ती पालघरच्या दांडेकर कॉलेजची. तिथे बीएस्सी करावं, दुपारी घरी जेवायला यावं, संध्याकाळी हवं तर किनाऱ्यावर फिरावं, यात वाईट काय? खरं तर काहीच नाही. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते सोनोपंत दांडेकर इथलेच; आमच्या शेजारच्या माहीमला १८९६ साली जन्मले. तत्त्वज्ञान शिकले, पुण्याच्या एस. पी. कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि प्राचार्य असूनही वारकरीच राहिले. मला नेहमी वाटतं, की माहीमच्या कुणा वडीलधाऱ्यांनी त्या काळी वही ओढून घेऊन 'पुणे लांब पडतं' म्हणून खोडलं असतं, तर वहिनीच्या कॉलेजाला आज द्यायला नाव उरलं नसतं. माणसं लांब जातात म्हणून तर त्यांची नावं जवळ येतात. हे मी वहिनीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला भात वाढू का?"

दादा काहीच बोलत नव्हता. तो तारापूरच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी त्याने खुंटीला टांगलेल्या शर्टावरून आज कारखान्यात काय चाललं होतं ते आम्हाला नाकानेच कळतं. माटुंग्याला १९३३ साली निघालेली रसायन तंत्रज्ञानाची ती संस्था, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात, तिथून शिकून आलेले साहेब दादाने जन्मभर पाहिले आहेत. त्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरत नाही. पुतणीच्या पर्सेंटाइलला ती जागा झेपणारी नव्हती, हे तिला ठाऊक होतं आणि दादालाही. ती ते नाव खोडायची. सकाळी वहीत ते पुन्हा असायचं, दादाच्या ठळक, फॅक्टरीच्या रजिस्टरातल्या अक्षरात. यावर दोघं कधी बोलली नाहीत. बापलेकींमधला तो एकच रकाना होता, जो रोज रात्री भरायचा आणि दिवसा रिकामा व्हायचा.

जागा उतरत्या भाजणीने का लिहायच्या, हे समजावून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी इतिहासाचा आधार घेतला, कारण तो आमच्या घरापासून जवळ आहे. शिरगावचा किल्ला पाहिला की पोरांना पोर्तुगीज आठवतात. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९च्या आरंभी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी मराठ्यांनी एकामागून एक घेतली आणि मग मे महिन्यात वसई पडली. अप्पांची पहिली पसंती वसईच होती, यात शंका नाही. पण त्यांनी आधी भोवतालच्या लहान जागा पदरात पाडून घेतल्या. हल्लीचे समुपदेशक नेमकं उलट सांगतात. सगळ्यांत अवघड ते वर लिहा, हमखास मिळणारं ते तळाला. प्रवेशाच्या फेरीत, म्हणजे कॅप राउंडमध्ये, संगणक वरून खाली येतो आणि जिथे दार उघडं दिसेल तिथे बसवतो. पुतणीने विचार करून विचारलं, "म्हणजे अप्पांनी कॅप राउंडने वसई मागितली असती, तर त्यांना शिरगाव मिळालं असतं?" बहुधा मिळालं असतं. आणि मिळालेलं शिरगाव त्यांना आवडलंही असतं, असं मी म्हणालो. ती हसली नाही.

या सगळ्यांत आईची रीत निराळी. तिचं माहेर माहीमचं, पानवेलीच्या वाडीतलं. तिथे पानं निवडायला बसलेल्या बायका चांगलं पान शोधत नाहीत. डाग पडलेलं, फाटकं, कोवळं तेवढं बाजूला करतात, आणि उरेल ती आपोआप उत्तम कवळी होते. आईने यादी ऐकायला मागितली आणि एकेका नावावर एकच प्रश्न टाकला : दिवेलागणीला घरी येता येईल का? कराड गेलं. नांदेड गेलं. लोणेरे कुठे आहे ते विचारून, मग गेलं. पुणे तर तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. तीनशे रकान्यांचं ते विशाल आभाळ एका वातीच्या उजेडाएवढं उरलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ही यादी कॉलेजांची नव्हतीच. कोण पोरीला किती लांब सोडू शकतं, याचं ते मोजमाप होतं. अण्णांची मर्यादा विरार, वहिनीची जेवणाचा डबा गार होण्याआधीची, आईची संध्याकाळची. दादाचीच काय ती फार लांबची होती, आणि म्हणून तोच बोलत नव्हता. संगणकाच्या आधीच घरोघरी एक फेरी होऊन जाते. तिचा निकाल कुठल्या संकेतस्थळावर लागत नाही, आणि तिथला कट ऑफ मुलांपेक्षा मुलींना बराच वर लागतो, हेही सांगायला हवं.

पुतणीने तिची स्वतःची यादी शेवटच्या दिवशी दाखवली. दीड-दोन डझन नावं, अण्णांची स्टेशनं बहुतेक सगळी. पहिली दोन मुंबईची आणि तिसऱ्या क्रमांकावर सांगलीचं वालचंद. १९४७ सालचं कॉलेज, रात्रभराच्या अंतरावरचं. आता तिसरा क्रमांक म्हणजे थट्टा नव्हे. पहिल्या फेरीत पहिली पसंती लाभली की ती आपोआप पक्की होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलीही, तिसरीत पहिल्या सहांपैकी. मागे फिरता येत नाही. सांगलीच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काका, तिथे समुद्र नाही. जिथे समुद्र नाही तिथे माणसं संध्याकाळी कुठे बघतात, ते मला बघायचंय."

आम्ही सगळे आईकडे पाहू लागलो. आई दिवेलागणीचा प्रश्न विचारणार, हे ठरलेलंच होतं. तिने वेगळाच विचारला.

"सांगलीला मासळी मिळते?"

"कृष्णेची मिळते, आजी."

"ती नदीची," आई म्हणाली. म्हणजे ती जमेस धरायची नाही. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. "सुके बोंबील ठेवू देतात का गं, होस्टेलवाले?"

कॉलेजच्या माहितीत प्रयोगशाळा होत्या, ग्रंथालय होतं, कुठल्या कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात तेही होतं. याबद्दल मात्र अक्षर नव्हतं.

"वास येतो म्हणून ओरडतील तिला," वहिनी म्हणाली.

"ओरडू देत," आई म्हणाली, आणि उठून फडताळाकडे गेली. "सातपाटीचे आणू चांगले. घट्ट झाकणाचा डबा आहे माझ्याकडे."

सांगली तिसऱ्या क्रमांकावर राहिली.