पेन्शनीतला वाटाड्या

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या अव्वल कारकुनाला निरोप समारंभातला हार सुकण्यापूर्वीच 'तात्पुरत्या स्वरूपात' पुन्हा रुजू करून घ्यावे, आणि त्यानेही पूर्वीपेक्षा अधिक निष्ठेने, पण आपल्या सवडीने, दफ्तर सांभाळावे, तशी नेमणूक मी माझ्या जुन्या स्मार्टफोनला दिली आहे. त्याच्या काचेला ईशान्य कोपऱ्यात तडा गेलेला आहे, सिमकार्ड काढून घेतल्यामुळे बाह्य जगाशी त्याचा पत्रव्यवहार संपुष्टात आलेला आहे, आणि बॅटरीचा ताळेबंद तर असा की, शेकडा ३० शिल्लक दाखवता दाखवता तो कोणतीही पूर्वसूचना न देता दिवाळे जाहीर करतो. तथापि डोंगरी सायकलच्या हँडलवर रबरी पट्ट्यांनी जखडून त्याला सिंहगडाच्या मागल्या मुलखात मार्गदर्शक म्हणून तैनात केल्यापासून माझे ठाम मत झाले आहे की, खाचखळग्यांचे धक्के खाण्याच्या या कामी कोऱ्या करकरीत फोनची योजना करणे ही शुद्ध उधळपट्टी होय.

सिमकार्डावाचून फोन वाट कशी दाखवील, अशी रास्त शंका आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी उपस्थित केली होती. त्यांना मी सविस्तर खुलासा दिला, तो असा : सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपापली वेळ आणि ठावठिकाणा अहोरात्र पुकारीत असतात, खाली कोण ऐकतो आहे याची त्यांना यत्किंचितही फिकीर नसते, निदान चार उपग्रहांचा पुकारा कानी आला की फोन आपले स्थान स्वतःच गणित करून काढतो, आणि त्याबद्दल कोणाला छदामही द्यावा लागत नाही. नकाशा आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवलेला असतो. तोही २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे गावोगावच्या हौशी लोकांनी विनामोबदला काढलेला! मात्र इंटरनेटची वशिलेबाजी नसल्यामुळे उपग्रहांची हजेरी फोनला थेट आकाशातून घ्यावी लागते, आणि त्यांची समग्र पंचांगवही उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस विश्रांती घेतलेला फोन त्यामुळे चांगलाच वेळ खातो. तेवढा वेळ मी फाटकाशी सायकल धरून, मान वर करून उभा असतो. आळीतल्या मंडळींचा असा समज आहे की मी हल्ली धार्मिक होत चाललो आहे.

या विलंबाबद्दल तक्रार करण्याचा धीर मला होत नाही. १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्टन सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून मिरवीत डोंगरोडोंगरी हिंडला, आणि तेच काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटास निवर्तला. तोच प्रश्न मुठीत मावणारा पेन्शनर चहा निवण्याच्या आत सोडवतो.

उंचीच्या बाबतीत मात्र त्याचे हिशेब स्वतंत्र असतात. अलिबागेकडे नागावच्या पुळणीवर मी शहाळे पीत उभा असताना त्याने मला उणे साठ-बासष्ट मीटर उंचीवर, म्हणजे माशांच्या सहवासात नेऊन ठेवले. याचेही कारण आहे. तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका काल्पनिक, गुळगुळीत आकारापासून, आणि आपल्या किनाऱ्यावरचा खरा समुद्र त्या आकाराच्या तितकाच खाली पसरलेला आहे. गणित निर्दोष, शहाळेही निर्दोष. वाद फक्त समुद्राने कोठे असावे याविषयी होता.

परंतु त्याचा खरा गुण म्हणजे त्याचे मितभाषण. बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद ठेवणे भाग पडते, उन्हात तो उजळला तरी दिसत नाही, आणि कपाळावरचा घामाचा थेंब वर पडला की बोट लागले असे समजून तो थेट आफ्रिका खंड उघडतो. तेव्हा दोन वाटा फुटतील तेथेच त्याचा सल्ला घ्यायचा, एरवी डोळे समोरच्या वाटेवर ठेवायचे, हा शिरस्ता आपोआप पडला. अशाच एका फाट्यावर निळा ठिपका नकाशातल्या पाऊलवाटेवर अचूक विराजमान झालेला असताना, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींनी मला हटकले, "दादा, ती वाट गेली वाहून. आता खाचर हाय तिथं, भात लावलाय आमी. ह्या वड्याकडनं जावा." फोनला ठिकाण ठाऊक होते आणि आजींना वाट, आणि बॅटरी तरुण असती तर पडद्यावरून मान वर करून मी त्यांच्याकडे पाहिलेही नसते.

ओढा ओलांडून गडाचा पायथा गाठतो न गाठतो तोच पाठपिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नवा फोन खणाणला. "अहो, आहात कुठे?" असा सवाल झाला. एवढ्या नेमक्या प्रश्नाला तितकेच नेमके उत्तर देण्याची संधी क्वचितच मिळते, म्हणून मी हँडलवरच्या पेन्शनरास जागे केले आणि वाचून दाखवले, "१८ अंश २२ मिनिटे उत्तर, ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "बरं. मग कुकर किती वाजता लावू?"

हा मुद्दा आकाशातील सर्व उपग्रहांच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता.