वरचं किती, खालचं किती

घरात बीपीचं मशीन आलं की पहिल्या दिवशी सगळ्यांचं मोजून होतं. सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाचंही. तो बिचारा चार जिने चढून आलेला, त्याचं जास्त भरतं आणि त्याला मिठावर व्याख्यान मिळतं. दुसऱ्या दिवसापासून सुरू होते ती काकांची वही.

वहीत डावीकडे तारीख, उजवीकडे 128/82. पुढच्या तारखेला 128/82. पुतणीच्या लग्नात मठ्ठा-जिलेबी आणि व्याह्यांशी वाद, तरी 128/82. माणसाचं बीपी झोपेत उतरतं, सकाळी चढतं, जिना चढताना आणखी चढतं. काकांचं वहीत स्थिर असतं.

हा आकडा येतो कसा, ते बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा येतात 162/94. ‘मशीन बिघडलंय.’ पट्टा दुसऱ्या दंडावर जातो, स्वेटरच्या बाहीवरूनच. 156. ‘सेल उतरलेत.’ टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले जातात. 149. ‘तू मध्ये बोललीस.’ बोलत असतात ते स्वतः. पट्टा फुगतोय तोवर पाणी आलं का, दूधवाल्याचे पैसे दिले का, सगळी चौकशी चालू. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी करावी तशी ही घासाघीस चालते. शेवटी मशीनच दमतं आणि 128 देऊन मोकळं होतं. ‘हं, आता बरोबर आलं. लिही गं.’

लिहायचं काम काकूंचं. पहिला दिवस सोडला, तर त्यांचं स्वतःचं बीपी शेवटचं मोजलं गेलं ते बाळंतपणात. वहीत त्यांच्या नावाचं पान नाही.

दवाखान्यात 160 भरतं, तेव्हा काका वही पुढे करतात. ‘इथं आलं की वाढतं हो, घरी बघा कसं आहे.’ दवाखान्यात घाबरून बीपी वाढतं, हे खरंच आहे. म्हणून तर घरी मोजायला सांगतात! पण घरचा आकडाही घासाघीस करूनच आणायचा असेल, तर मशीनला पैसे कशाला घातले? वही आधीच होती. आणि याच वहीच्या भरवशावर एक दिवस गोळी बंद. ‘नॉर्मल झालं ना आता.’ अहो, जे काही उतरलंय ते गोळीनं उतरलंय! ताटात पापड, लोणचं, वर आणखी मीठ, शिल्लक राहिली होती ती गोळी, तीही गेली. काही दुखत नाही, हाच या दुखण्याचा दगा आहे. अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा वही कुणी उघडून बघत नाही.

तेव्हा काका, लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीला टेकवा. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडले नाहीत तरी. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर राहत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी कमी करायची की बंद, तेही तेच ठरवतील.

आणि पुढचं पान काकूंच्या नावानं काढा. ते तुम्ही लिहा.