भोलानाथाची चाल कुणाची?

अगं सूनबाई, ये जरा वईपाशी. हात रिकामे असतील तर हे मूठभर वाल घे, बोलता बोलता सोलून होतील. बिरडं सोलायला बसले की मला गप्प बसवत नाही, ठाऊकच आहे तुला.

तुझी धाकटी सकाळपासून त्या भोलानाथाच्या मागे लागलीय. अगं, ओरडू नकोस तिला, म्हणू दे. पण मला सांग, गाणं कुणाचं? पाडगावकरांचं, बरोबर. आणि चाल? बघ, अडलीस! माझ्या भावाने मुंबईहून कॅसेट आणली होती, तिच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं, ‘संगीत: मीना खडीकर’. मला वाटलं, असेल कुणी बालवाडीची बाई. लताबाई गेल्या ना, २०२२च्या फेब्रुवारीत, तेव्हा दिवसभर टीव्ही चालू होता. ह्यांनी सहज सांगितलं, ‘अगं, ती तर लताची पाठची बहीण!’ हातातली परात तशीच खाली ठेवली मी.

म्हणजे बघ, लता १९२९ची, मीना १९३१ची, मग आशा, उषा आणि शेंडेफळ हृदयनाथ. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा लता बारा वर्षांची आणि ही दहाची. पुढे थोरलीने घर ओढलं, ते साऱ्या जगाला पाठ आहे. दहा वर्षांच्या पाठच्या बहिणीचं काय झालं, ते कुणी विचारलंय? मी पण सहाजणींत मधली, म्हणून मला विचारावंसं वाटतं.

गळा नव्हता म्हणतेस? काय बोलतेस! ‘मदर इंडिया’त लता आणि उषाच्या जोडीने गायलीय ती. १९५७चा सिनेमा. आपण ते गाणं लागलं की लताचं म्हणून मोकळे होतो. मग १९६१ला ‘माणसाला पंख असतात’ला संगीत दिलं. बाईमाणसाने चाली लावायच्या, तेही तेव्हा! थोरलीनेसुद्धा संगीत दिलं, पण ‘आनंदघन’ नाव घेऊन. ही स्वतःच्या नावाने.

आडनाव बदललं म्हणून मागे पडली, असं मी ह्यांना म्हटलं. तर म्हणाले, ‘आशाबाईंचं नाही बदललं?’ मी म्हटलं, तुम्ही चहा प्या.

पण खरी गंमत पोरांच्या गाण्यांत आहे. तो चॉकलेटचा बंगला आठव. शब्द राजा मंगळवेढेकरांचे, चाल हिचीच. आणि गायला कोण बसवलं? स्वतःची पोरं! रचना आणि योगेश. नाहीतर मोठ्या बायका नाकात बोलून लहान होतात, तसलं सोंग नाही. चाल अशी की कुणी शिकवावी लागत नाही. अंगणवाडीतलं बोबडं पोरसुद्धा तिसऱ्या दिवशी म्हणतं. त्या भोलानाथात मला तर नंदीबैल दिसतो, मान हलवणारा. पूर्वी यायचे ना गुबुगुबु वाजवत? तो ‘हो’ म्हणेल की ‘नाही’, ह्याची पोराला लागलेली घाई आहे बघ त्या चालीत.

पुढे थोरल्या बहिणीवर पुस्तक लिहिलं, ‘मोठी तिची सावली’. नाव ऐकूनच मी वाल सोलायची थांबले होते. सावलीत ऊन लागत नाही गं, पण झाडही फार वाढत नाही. आता ती तक्रार करते की कौतुक, ते मला कळलेलं नाही. बहुतेक कौतुकच.

नाही, नख लावून नको, असं दाब, डाळिंबी आपोआप बाहेर येते. हां.

एक सांगू? २२ जुलै २०२१ नंतर बरेच दिवस मला ते भोलानाथाचं गाणं ऐकवत नव्हतं. वरच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि इथे पोर विचारतंय, पाऊस पडेल का, सुट्टी मिळेल का. मी रेडिओ बंद करायचे. मग एकदा तुझीच पोर ओटीवर बसून म्हणायला लागली. तिचा रेडिओ कसा बंद करणार?

बघ, तुझा फोन वाजतोय. शाळेच्या ग्रुपवर असेल. काय म्हणतात? कलेक्टरांनी उद्या सुट्टी दिली? रेड अलर्ट?

जा बाई, पोरीला आत घे आधी. वाल राहू देत, मी सोलते.